पडद्यावरून पुन्हा वस्तूकडे : संग्रहालये आणि वारसास्थळांतील डिजिटल सहभागाचे नियोजन

संग्रहालयातील वस्तू आणि ती पाहणारा माणूस यांच्यामध्ये कोणीतरी किंवा काहीतरी कायम उभे असते. कधी ती काचेची पेटी असते, कधी चार ओळींची पाटी, तर कधी पाठ केलेली माहिती भराभर सांगत पुढे निघणारा मार्गदर्शक; आणि गेल्या काही दशकांत या मालिकेत ध्वनियंत्र, स्पर्शपडदा आणि अभ्यागताच्या खिशातला मोबाइल यांची भर पडली आहे. या साधनांच्या मदतीने अभ्यागताला अधिक नीट पाहायला, प्रश्न विचारायला आणि पाहिलेल्याशी स्वतःचे नाते जोडायला प्रवृत्त करण्याच्या आखीव प्रयत्नाला ‘डिजिटल अभ्यागत-सहभाग’ म्हणतात. येथे ‘सहभाग’ या शब्दाचा अर्थ पडद्यावर किती वेळा बोट लागले एवढाच घेतला, तर सगळे नियोजन पहिल्याच पायरीवर चुकते. पडद्याकडे गेलेली नजर वस्तूकडे परत येते का आणि परत आल्यावर तिला आधी न दिसलेले काही दिसते का, ही या क्षेत्रातील खरी कसोटी आहे.

यंत्राच्या साहाय्याने वारसा समजावून सांगण्याची कल्पना मोबाइलपेक्षा पुष्कळ जुनी आहे. ॲम्स्टरडॅममधील स्टेडेलिक संग्रहालयाने १९५२ मध्येच अभ्यागतांच्या हाती छोटे रेडिओग्राहक दिले होते. ध्वनिफितीवरील व्याख्यान लघुलहरींवरून दालनात प्रसारित होत असे आणि ते सर्वांना एकाच वेळी ऐकू येत असल्यामुळे सगळा गट एकाच क्षणी एकाच चित्राकडे वळत असे. पुढे ध्वनिफीत प्रत्येकाच्या स्वतंत्र यंत्रात आली, मग वस्तूचा क्रमांक दाबून हवी ती माहिती ऐकण्याची सोय झाली आणि शेवटी हे सगळे मोबाइलमध्ये सामावले. या प्रवासात अभ्यागताचे स्वातंत्र्य पायरीपायरीने वाढले. पण काय सांगायचे, किती सांगायचे आणि कोठे थांबायचे हा प्रश्न १९५२ मध्ये जेवढा अवघड होता तेवढाच तो आजही आहे.

आधी माणूस, मग यंत्र

बोस्टनच्या ललितकला संग्रहालयातील बेंजामिन आइव्हज गिल्मन यांनी १९१६ मध्ये ‘संग्रहालयीन थकवा’ या विषयावर एक लेख प्रसिद्ध केला. मांडणीतील वस्तू पाहण्यासाठी आणि पाट्या वाचण्यासाठी माणसाला किती वाकावे, उकिडवे बसावे आणि मान वळवावी लागते, हे त्यांनी छायाचित्रांसह दाखवून दिले. अभ्यागत कंटाळतो तो अज्ञानामुळे नव्हे, त्याची पाठ आणि डोळे दमतात म्हणून, हा त्यांच्या निरीक्षणाचा रोख होता. डिजिटल साधनांना तो जसाच्या तसा लागू पडतो, कारण एका हातात मोबाइल, दुसऱ्या हातात मुलाचा हात आणि खांद्यावर पिशवी अशा स्थितीत उभ्या माणसाकडून सहा मिनिटांचा माहितीपट पाहण्याची अपेक्षा ठेवणे म्हणजे त्याच थकव्यात भर घालणे होय. म्हणूनच अनुभवी नियोजक ध्वनिमुद्रण मिनिट-दीड मिनिटाच्या आत बसवतात आणि जेथे जास्त सांगायचे असेल तेथे आधी बसायला बाक आहे की नाही हे पाहतात.

अभ्यागत येतो कशासाठी, हा त्यापुढचा प्रश्न. अमेरिकन अभ्यासक जॉन फॉक यांनी अभ्यागतांचे वय किंवा शिक्षण यांपेक्षा त्यांच्या त्या दिवशीच्या हेतूवर भर दिला आणि पाच प्रमुख वृत्ती मांडल्या : कुतूहलाने शोध घेणारा, सोबतच्या माणसांसाठी आलेला, ‘हे ठिकाण पाहिले’ या समाधानासाठी आलेला, विषयाचा अभ्यासक किंवा छांदिष्ट, आणि निवांतपणा शोधणारा. एकच माणूस वेगवेगळ्या दिवशी वेगळ्या वृत्तीने येऊ शकतो, हे या मांडणीतील मर्म आहे. शिवकालीन शस्त्रांचा अभ्यासक एरवी प्रत्येक पात्याची घडण न्याहाळेल. पण नातवंडांना घेऊन आला की त्याला हवे असते ते मुलांना गुंतवून ठेवणारे एखादे कोडे आणि जवळच कुठेतरी पिण्याचे पाणी. महाराष्ट्रात याला शाळेच्या सहलीची जोड द्यावी लागते. रांगेने आत येऊन रांगेनेच बाहेर पडणाऱ्या साठ-सत्तर मुलांच्या हाती मोबाइल नसतो, वेळ शिक्षकांच्या शिट्टीवर चालतो आणि तरीही कित्येक संग्रहालयांचा सर्वांत मोठा अभ्यागतवर्ग हाच असतो. केवळ मोबाइलवर उभी असलेली योजना या मुलांना दारातच वगळते. त्यांच्यासाठी दालनातील एखादा मोठा सामाईक पडदा, किंवा शिक्षकांना आठवडाभर आधी मिळालेली चित्रे आणि प्रश्नावली, जास्त उपयोगी पडते.

काचेमागचा अडकित्ता

पुण्यातील राजा दिनकर केळकर संग्रहालय हे या चर्चेसाठी फार बोलके उदाहरण आहे. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणाऱ्या दिनकर गंगाधर केळकर यांनी (१८९६–१९९०) आयुष्यभर गावोगाव हिंडून जमवलेल्या या संग्रहात दिवे, कुलपे, वाद्ये, कोरीव दारे, स्वयंपाकाची भांडी, पाय घासायच्या वज्री, अडकित्ते अशा घरगुती वस्तूंना मानाचे स्थान आहे. संग्रहातील वस्तूंची संख्या वीस हजारांच्या घरात जाते आणि जागेअभावी त्यांतील थोड्याच एका वेळी मांडता येतात. राजेरजवाड्यांच्या संग्रहालयात अभ्यागत दिपून जातो. येथे मात्र आजीच्या घरात असलेली वस्तू ओळखल्याचा आनंद त्याला होतो, आणि ज्याच्या आजीच्या घरात ती नव्हती त्याला ती कशाची हे काही केल्या उमगत नाही.

काचेमागचा पितळी अडकित्ता त्याचा घाट, त्यावरची नक्षी, मोराच्या किंवा घोड्याच्या आकाराची मूठ एवढे दाखवतो. पण अडकित्ता ही मुळात हलणारी वस्तू आहे आणि काचेमागे ती कायमची थिजलेली असते. दोन पात्यांमध्ये सुपारी धरायची कशी, अंगठ्याने दाब कोठे द्यायचा, रोठा सुपारी फुटताना आवाज कसा येतो आणि सराईत हात पातळ, सारखी कात्रणे कशी पाडतो, हे पाटीवरच्या शब्दांत सांगता येत नाही. वीस सेकंदांच्या चित्रफितीत मात्र ते निवेदनाशिवाय कळते. डिजिटल साधनाने करावयाचे काम ते हेच : काचेने जे हिरावून घेतले तेवढेच परत देणे. त्याच पडद्यावर अडकित्त्यांचा इतिहास, विड्याची संस्कृती, सुपारीची शेती आणि संस्थेच्या विश्वस्तांचे मनोगत घालण्याचा मोह होतो. तो आवरता आला नाही की पडदा भरतो आणि अडकित्ता बिचारा बाजूला पडतो.

अशा संग्रहात माहितीचा ओघ उलट्या दिशेनेही वाहू शकतो. एखाद्या भांड्याला कोकणात एक नाव, विदर्भात दुसरे आणि गोव्यात तिसरे असते. ते वापरलेली पिढी अजून हयात आहे. अभ्यागतांना आपल्याकडचे नाव आणि वापर ध्वनिमुद्रित करण्याची सोय दिली, त्या नोंदी जाणकारांकडून तपासून घेतल्या आणि मग त्या वस्तूच्या माहितीला जोडल्या, तर अभ्यागत हा संग्रहाच्या ज्ञानात भर घालणारा सहकारी ठरतो. मात्र तपासणारा माणूस नेमलेला नसेल, तर ही सोय काही दिवसांतच चेष्टामस्करीच्या नोंदींनी भरून जाते, याचा हिशोब योजनेतच असावा लागतो.

गडावरची गणिते

छताखालच्या संग्रहालयात जे नियम चालतात ते उघड्यावरच्या वारसास्थळी अनेकदा कोलमडतात. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत ‘भारतातील मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने बारा किल्ल्यांचा समावेश झाला. त्यांतील अकरा महाराष्ट्रात आणि एक, जिंजी, तमिळनाडूत आहे. या नोंदीनंतर किल्ल्यांवर डिजिटल माहितीची मागणी वाढणे साहजिक आहे. पण शिवनेरी, रायगड किंवा सिंधुदुर्ग येथे काय चालेल हे ठरवताना आधी ऊन, पाऊस, वारा, वीज आणि माकडे यांचा विचार करावा लागतो.

रायगडावर येणाऱ्यांचे दोन सरळ गट पडतात. एक पायऱ्या चढून घामाघूम होऊन वर पोहोचतो, दुसरा रोपवेने काही मिनिटांत येतो आणि परतीच्या पाळण्याची वेळ मनात ठेवूनच फिरतो. पहिल्याला चढताना थांब्याथांब्यावर ऐकण्याजोगे काही हवे असते, तर दुसऱ्याला तासा-दीड तासात बसणारा मार्ग. दोघांनाही भर उन्हात मोबाइलचा पडदा धड दिसत नाही, त्यामुळे चित्रापेक्षा आवाज जास्त कामी येतो. मोबाइलची रेंज वर सगळीकडे सारखी मिळेल याचा भरवसा धरता येत नाही, आणि केंद्र-संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत बांधकामाला मनाई व त्यापुढील २०० मीटरपर्यंत नियंत्रण असल्यामुळे (१९५८ च्या स्मारकविषयक कायद्यातील २०१० ची दुरुस्ती) मनात आले आणि मनोरा उभा केला, असे होत नाही. यावरचा साधा उपाय म्हणजे सगळी सामग्री पायथ्याशी, रोपवेच्या रांगेत किंवा पाचाडला, एकदाच उतरवून घेता येईल अशी आणि नंतर इंटरनेटवाचून चालणारी ठेवणे. पाट्यांवरील क्यूआर कोडही याच हिशोबाने निवडावा लागतो. जपानमधील डेन्सो वेव्ह कंपनीने १९९४ मध्ये मोटारींच्या सुट्या भागांच्या नोंदीसाठी तयार केलेल्या या चौकटीत चूक दुरुस्त करण्याची अंगभूत व्यवस्था असून, तिच्या सर्वांत वरच्या पातळीवर सुमारे ३० टक्के भाग खराब झाला तरी कोड वाचता येतो. पावसाने डागाळणाऱ्या आणि नावे कोरण्याची हौस असलेल्यांच्या तडाख्यात सापडणाऱ्या पाटीसाठी हीच पातळी योग्य.

यापेक्षा अवघड गणित आहे ते कल्पनाचित्राचे. १८१८ च्या इंग्रजांच्या तोफमाऱ्यात आणि त्यानंतरच्या आगीत रायगडावरील वाड्यांचे लाकडी काम नष्ट झाले. उरली ती दगडी जोती, भिंतींचे अवशेष आणि नगारखान्यासारख्या काही वास्तू. मोबाइल समोर धरताच जोत्यावर पूर्ण वाडा उभा राहिलेला दिसावा, असे ‘संवर्धित वास्तव’ (प्रत्यक्ष दृश्यावर संगणकीय चित्र बेमालूम चढवण्याचे तंत्र) सर्वांनाच आकर्षक वाटते. परंतु जोत्याची लांबी-रुंदी मोजलेली असते, छपराचा उतार तर्काने ठरवलेला असतो आणि पडद्यांचा रंग चित्रकाराच्या मनातला असतो. मोबाइलच्या पडद्यावर मात्र तिन्ही गोष्टी सारख्याच ठामपणे उभ्या राहतात. संगणकीय पुनर्रचनेबाबत सिद्ध झालेल्या ‘लंडन सनदे’ने (सुधारित आवृत्ती २००९) याच धोक्यावर बोट ठेवले असून, पुरावा कोणता आणि अनुमान कोणते हे पाहणाऱ्याला कळले पाहिजे, असा दंडक घालून दिला आहे. व्यवहारात हे फार कठीण नाही. मोजलेला भाग भरीव रंगात, तर्काचा भाग फिकट आणि निव्वळ कल्पनेचा भाग नुसत्या रेषांत दाखवता येतो. बाजारपेठ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या उंच जोत्यांच्या दोन ओळींबद्दल, घोड्यावरून न उतरता खरेदी करता यावी म्हणून ती एवढी उंच बांधली, असे सर्रास सांगितले जाते. हिरकणीची कथाही अशीच घराघरांत पोहोचली आहे. या कथा गाळण्याचे कारण नाही; लोकस्मृती हादेखील वारसाच आहे. मात्र निवेदनात ‘असे सांगतात’ आणि ‘असा पुरावा आहे’ या दोन वाक्यांतील भेद कटाक्षाने पाळला पाहिजे.

आणि काही जागी यंत्राने बाजूला सरणे हेच उत्तम नियोजन ठरते. रायगडाच्या राजसदरेवर एका टोकाला बोललेले दूर नगारखान्याच्या दारापाशी ऐकू येते, ही गोष्ट पिढ्यान्पिढ्या सांगितली जाते आणि येणारी माणसे ती स्वतः करून पाहतात. येथे ध्वनिमार्गदर्शकाने व्याख्यान द्यायचे नाही. ‘मोबाइल खिशात ठेवा, एकाने येथेच थांबा, दुसऱ्याने नगारखान्याकडे जा आणि एकमेकांशी बोलून पाहा’ एवढी सूचना देऊन त्याने गप्प बसावे.

जेथे अभ्यागतच धोका ठरतो

काही वारसास्थळी प्रश्न लोकांना आत आणण्याचा नसून आतल्या लोकांची संख्या आवरण्याचा असतो. फ्रान्समधील लास्को गुहेतील प्रागैतिहासिक चित्रे १९४० मध्ये सापडली, १९४८ मध्ये गुहा सर्वांसाठी खुली झाली आणि माणसांच्या श्वासातील बाष्प व कार्बन डायऑक्साइड यांमुळे चित्रांची हानी होऊ लागल्याने १९६३ मध्ये ती बंद करावी लागली. पुढे १९८३ मध्ये एक अंशतः प्रतिकृती आणि २०१६ मध्ये अधिक परिपूर्ण प्रतिकृती लोकांसाठी उघडली. अजिंठ्यातील चित्रेही अशीच नाजूक आहेत, म्हणून तेथे फ्लॅश चालत नाही, प्रकाश मंद असतो आणि चित्रित लेण्यांत एका वेळी मोजक्याच लोकांना सोडले जाते. बाहेरच्या झळझळीत उन्हातून आत आलेल्याचे डोळे अंधाराला सरावण्याआधीच त्याची बाहेर पडण्याची वेळ होते. या अडचणीवर डिजिटल साधन खरोखर उपयोगी पडू शकते, पण लेण्याच्या आत नव्हे, तर बाहेर. बसची वाट पाहताना किंवा रांगेत उभे असताना भिंतीवरील एखाद्या जातककथेचा प्रसंग कोठून सुरू होतो, कोणती आकृती पुन्हा पुन्हा येते आणि पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या चेहऱ्यावर प्रकाश कसा पडला आहे हे मोठ्या चित्रात पाहून घेतले, तर आतली दहा-पंधरा मिनिटे ओळख पटवण्यात जात नाहीत. ती पाहण्यात जातात.

अजिंठ्याजवळ याच हेतूने लेणी क्रमांक १, २, १६ आणि १७ यांच्या प्रतिकृती असलेले भव्य पर्यटक केंद्र उभारले गेले. कल्पना रास्त होती आणि खर्चही मोठा झाला. पण वीज-पाण्याच्या थकबाकीपायी ते काही वर्षांतच बंद पडले. उभारणीला निधी मिळतो, उद्‌घाटनाला फीत मिळते, आणि तिसऱ्या वर्षीच्या वीजबिलासाठी मात्र कोणते लेखाशीर्ष वापरायचे हे कोणी ठरवलेले नसते. म्हणून कोणत्याही डिजिटल योजनेच्या अंदाजपत्रकात यंत्रखरेदीइतकीच ठसठशीत ओळ पाच वर्षांच्या देखभालीची असावी : पडदे पुसणे, बॅटऱ्या बदलणे, मोबाइलच्या नव्या प्रणालींप्रमाणे ॲप सुधारणे, मजकुरातील चुका दुरुस्त करणे आणि हे सगळे करणाऱ्या माणसाचा पगार. कापड टाकून झाकलेला बंद पडदा अभ्यागताला जे सांगतो ते कोणत्याही संस्थेला परवडणारे नसते.

नोंदवहीपासून शोधापर्यंत

अभ्यागताला दिसणारा पडदा हे हिमनगाचे टोक असते. त्याखाली संस्थेची नोंदवही असते. वस्तू संग्रहात दाखल झाल्याचा क्रमांक, तिचे नाव, द्रव्य, मापे, काळ, मिळाल्याचे ठिकाण या माहितीला संगणकाच्या भाषेत ‘अधिमाहिती’, म्हणजे माहितीविषयीची माहिती, म्हणतात. एका वहीत ‘समई’, दुसरीत ‘दिवा’ आणि तिसरीत इंग्रजीतून ‘लॅम्प’ अशी नोंद असेल, तर ‘समई’ शोधणाऱ्याला दोन तृतीयांश समया सापडत नाहीत. जुन्या मराठी नोंदी युनिकोडपूर्व फाँटमध्ये टंकलेल्या असतील, तर त्या डोळ्यांना वाचता आल्या तरी संगणकाला शोधता येत नाहीत, आणि त्यांचे रूपांतर हे वेळखाऊ पण अटळ काम होऊन बसते. भारतीय संग्रहालयांसाठी पुण्याच्या सी-डॅकने विकसित केलेली ‘जतन’ ही संगणकप्रणाली याच मूलभूत गरजेतून आली. ॲपच्या निविदेआधी नोंदवही नीट करणे हे काम कोणाच्या नजरेत भरत नाही, पण पुढचा सगळा डोलारा त्याच्यावरच उभा राहतो.

भाषेचा प्रश्नही येथेच सुटतो किंवा चिघळतो. मजकूर आधी इंग्रजीत लिहून मग मराठीत उतरवला, की ‘सदर कलाकृती ही तत्कालीन शैलीचे प्रतिनिधित्व करते’ अशी वाक्ये जन्माला येतात, जी कोणी मोठ्याने वाचू शकत नाही आणि ऐकणाऱ्याच्या कानात राहत नाहीत. मराठी मजकूर मराठीतच लिहिला आणि तो मोठ्याने वाचून, जेथे जीभ अडखळेल तेथे दुरुस्त केला, तरच ध्वनिमार्गदर्शक माणसासारखा बोलतो. दृष्टिहीनांसाठी वस्तूचे शब्दचित्र आणि हाताने चाचपता येईल अशी प्रतिकृती, तर बहिऱ्या अभ्यागतांसाठी पडद्यावरील लिखित संवाद, या गोष्टी शेवटी जोडायच्या नसून आराखड्यातच असाव्या लागतात.

भेटीनंतर काय उरते

न्यू यॉर्कच्या कूपर ह्यूइट या अभिकल्प संग्रहालयाने २०१५ मध्ये अभ्यागतांच्या हाती एक खास पेन दिले. आवडलेल्या वस्तूच्या पाटीवर पेनाचे मागचे टोक टेकवले की तिची नोंद होई आणि तिकिटावर छापलेल्या संकेतस्थळाच्या पत्त्यावर घरी गेल्यावर तो वैयक्तिक संग्रह पाहता येई. दालनात असताना पाहायचे आणि वाचायचे ते निवांत घरी, अशी ही वाटणी होती. पण अशा प्रत्येक सोयीबरोबर अभ्यागत कोठे थांबला, किती वेळ थांबला आणि त्याचा पत्ता काय, ही माहिती संस्थेकडे साठत जाते. भारतात २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने अशा माहितीबाबत संमती आणि हेतू यांचे बंधन घातले आहे, आणि मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती आवश्यक केली आहे. सहलींच्या देशात हे कलम विसरून चालणार नाही. जी माहिती वापरायची नाही ती गोळाच न करणे, हा त्यातला सर्वांत स्वस्त मार्ग.

यशाचे मोजमाप करताना ॲप किती जणांनी उतरवून घेतले हा आकडा अहवालात शोभतो, पण वस्तूकडे नजर वळली की नाही हे तो सांगत नाही. त्यासाठी जुनी, कष्टाची पद्धतच उपयोगी पडते : दालनाच्या कोपऱ्यात कागद-पेन्सिल घेऊन बसायचे, अभ्यागत कोठे थांबतो, पडदा किती वेळ पाहतो आणि वस्तू किती वेळ, कोणाला हाक मारून काय दाखवतो, हे टिपायचे. हीच तपासणी यंत्र विकत घेण्याआधी, पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या कागदी पडद्यावरही करता येते. बटण कोठे हवे आणि कोणते वाक्य कळत नाही, हे त्यातून काही तासांत आणि जवळजवळ फुकटात समजते, आणि चुकलेला कागद फेकून देताना कोणाला फाइल हलवावी लागत नाही.

अडकित्त्याच्या चित्रफितीबाबतही शेवटचा निर्णय असाच, निरीक्षणातून घ्यावा लागेल. वीस सेकंद संपल्यावर फीत आपोआप पुन्हा सुरू झाली, तर माणसे हलणाऱ्या चित्राकडेच पाहत राहण्याचा संभव आहे. त्याऐवजी सुपारीचे शेवटचे कात्रण पडताच पडदा काळा करावा आणि त्याच क्षणी काचेमागचा दिवा किंचित उजळावा. अंधारलेल्या पडद्यासमोर उभा असलेला मुलगा मग काचेला नाक लावून, ते पाते नेमके कोठे मिटते, हे शोधू लागतो की नाही, एवढेच कोपऱ्यात बसलेल्याने टिपायचे असते.